प्ले दाबायच्या आधी तारखांचा कॉलम बघा: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या नोंदी नकाशावर काळाप्रमाणे हलत्या कशा दाखवायच्या याबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांची गाडी एकाच दोन-तीन जागी अडलीये, म्हणून त्यातली पाच निवडून सविस्तर उत्तरं देते. सगळी उत्तरं क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर धरून आहेत कारण ते फुकट आहे आणि विचारणाऱ्या जवळपास सगळ्यांकडे तेच आहे.

प्रश्न: ताई, पंधराव्या शतकात युरोपात कुठल्या शहरात छापखाना कधी सुरू झाला याची यादी मी जमवलीये. शहर, अक्षांश, रेखांश आणि वर्ष. क्यूजीआयएसमधे ठिपके नीट येतात, पण लेयर प्रॉपर्टीजच्या टेम्पोरल टॅबमधे तारखेचं फील्ड निवडायला गेलो की यादी रिकामीच. काही व्हिडिओत टाइम मॅनेजर नावाचं प्लगइन टाकायला सांगतात, तेच लागतं का?

उत्तर: प्लगइन विसरा. ते व्हिडिओ जुने आहेत, २०२० मधे आलेल्या ३.१४ आवृत्तीपासून टेम्पोरल कंट्रोलर, म्हणजे नकाशा काळाप्रमाणे पुढे सरकवणारं साधन, क्यूजीआयएसच्या आतच आहे, वरच्या टूलबारवर घड्याळाचं चिन्ह दिसेल ते. यादी रिकामी दिसते कारण तुमचं १४६५ हे क्यूजीआयएसच्या लेखी वर्ष नाहीच, तो नुसता आकडा आहे, आणि तिथे फक्त डेट किंवा डेट-टाइम प्रकारचीच फील्ड दिसतात. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे फील्ड कॅल्क्युलेटरमधे मेक डेट हे फंक्शन वापरून वर्ष, १, १ असं देऊन नवीन डेट फील्ड बनवायचं. दुसरा मला जास्त आवडतो, टेम्पोरल टॅबमधेच सुरुवात आणि शेवट एक्सप्रेशनने, म्हणजे सूत्राने, द्यायचा पर्याय आहे तो घ्या, सुरुवात म्हणजे त्या वर्षाची १ जानेवारी आणि शेवट म्हणजे पुढच्या वर्षाची १ जानेवारी, म्हणजे मूळ कॉलमला हातच लागत नाही आणि तुमच्या फाइलमधे "१ जानेवारी १४६५" अशी कुणी कधी न लिहिलेली तारीख कायमची बसत नाही. ही गोष्ट बारीक वाटेल पण सहा महिन्यांनी तीच फाइल दुसऱ्या कुणाच्या हातात गेली की तो माणूस ती तारीख खरी धरतो, आणि मग ती पुसता येत नाही.

यादी एक्सेलमधे करत असाल तर अजून एक खड्डा. एक्सेल १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून ओळखतच नाही, मजकूर म्हणून ठेवतो, त्यामुळे १८९९ आणि १९०१ एकाच कॉलममधे असले की अर्ध्या ओळी मजकूर आणि अर्ध्या तारखा अशी खिचडी होते आणि क्यूजीआयएसमधे आणल्यावर पूर्ण कॉलम मजकूर होऊन बसतो. वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे कॉलम ठेवा. महिना माहीत नसेल तर रिकामा सोडा, १ टाकू नका.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. तुम्हाला ठिपके एकदा आले की राहावेत असं हवं असणार, त्यासाठी एका फील्डवर चालणाऱ्या पर्यायात नोंदी साठवत जाण्याचा चेकबॉक्स आहे, सगळे तोच टिक करतात. पण त्या टिकचा अर्थ असा होतो की सुरू झालेला छापखाना कधीच बंद पडला नाही. इटलीतलं सुबियाको घ्या. तिथे १४६५ च्या सुमारास स्वाइनहाइम आणि पानार्त्स या दोघांनी छपाई सुरू केली आणि १४६७ मधे ते रोमला निघून गेले. तुमच्या नकाशावर सुबियाको १५०० पर्यंत झळकत राहणार, आणि बघणाऱ्याला वाटणार की तिथे पस्तीस वर्षं छपाई चालली. तेव्हा "बंद" असा कॉलम करा, माहीत आहे तिथे भरा, माहीत नाही तिथे रिकामा ठेवा आणि रिकाम्यांना फिकट रंग द्या. आणि कंट्रोलरमधे स्टेप, म्हणजे प्रत्येक फ्रेमला काळ किती पुढे सरकतो ते, एक वर्षाचीच ठेवा, महिन्याची ठेवली तर दर जानेवारीत ठिपक्यांचा पाऊस आणि मग अकरा महिने शांतता असं विचित्र चित्र दिसेल, जे इतिहासात नव्हतं, फक्त तुमच्या स्टेपमधे आहे.

प्रश्न: मी सार्वजनिक आरोग्य शिकते. डॉक्टर जॉन स्नो यांचा १८५४ चा लंडनमधला कॉलऱ्याचा नकाशा डिजिटल स्वरूपात मिळाला, मृत्यूंचे ठिपके आणि पाण्याचे पंप दोन्ही आहेत. मला तो दिवसागणिक हलता करून ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा दांडा काढल्यावर साथ कशी थांबली ते दाखवायचंय. पण ठिपक्यांना तारीखच नाहीये. एका मित्राने सुचवलं की दिवसवार आकडे मिळतात, तेवढे ठिपके त्या त्या दिवसाला रँडम वाटून टाक. चालेल का?

उत्तर: नाही, नका करू. हे जरा लांबवून सांगते कारण या एका उदाहरणात सगळा विषय आहे.

स्नोंच्या नकाशावर ब्रॉड स्ट्रीटच्या आजूबाजूच्या घरांपुढे मृत्यूंच्या आडव्या रेघा आहेत, डिजिटल प्रतीत असे ५७८ मृत्यू धरलेले असतात. कुठे ते कळतं, कधी ते नकाशावर नाही. "कधी" वेगळीकडे आहे, स्नोंनी १८५५ मधे जे छापलं त्यात दिवसवार तक्ता आहे, किती जण आजारी पडले आणि किती दगावले. त्या तक्त्यात जागा नाही. म्हणजे तुमच्या हातात दोन अर्धे तुकडे आहेत आणि त्यांना जोडणारा धागा, म्हणजे कुठल्या घरातला माणूस कुठल्या दिवशी गेला, तो नाहीये. रँडम वाटणी केली की तो धागा तुम्ही बनवलात, आणि हलत्या नकाशाची ताकद अशी की बघणारा तो एका सेकंदात खरा मानतो. साथ पंपापासून बाहेर पसरत गेली असं चित्र रँडम वाटणीतून योगायोगाने उमटलं तरी लोक त्यावरून निष्कर्ष काढतील.

आणि आता तक्त्यातले आकडे बघा. ३१ ऑगस्टला नवे रुग्ण ५६, १ सप्टेंबरला १४३, २ सप्टेंबरला ११६. मृत्यू सगळ्यात जास्त २ सप्टेंबरला, १२७. पंपाचा दांडा निघाला ८ सप्टेंबरला, आणि त्या दिवशी नवे रुग्ण होते १२. म्हणजे दांडा काढला तोवर साथ उतरणीला कधीच लागली होती, भागातले बरेच लोक घरं सोडून गेले होते, आणि हे खुद्द स्नोंनीच मान्य केलेलं आहे. तुमचा अ‍ॅनिमेशनचा प्लॅनच मुळात "दांडा काढला आणि थांबली" या गोष्टीवर उभा आहे, जी लोकांना फार आवडते पण आकडे तसं म्हणत नाहीत. स्नोंचं मोठेपण त्या दांड्यात नाहीच, ते घरोघर जाऊन पाणी कुठून आणता हे विचारण्यात आणि आजार पाण्यातून येतो हे सगळे हवेला दोष देत असताना धरून ठेवण्यात आहे.

मग करायचं काय, तर नकाशा स्थिर ठेवा, सगळे मृत्यू एकदम, आणि शेजारी दिवसवार आलेख हलता करा, एकेक दिवस पुढे सरकणारा, ८ सप्टेंबरला एक उभी रेघ. दोन्ही एकाच पडद्यावर. तुकडे दोन आहेत हे बघणाऱ्याला दिसू दे. माझ्या मते हा तुमच्या मूळ कल्पनेपेक्षा कितीतरी चांगला पाठ होईल.

प्रश्न: देशांच्या सीमा कशा बदलत गेल्या हे वर्गात दाखवायचं आहे. सीशेप्स नावाचा जुन्या सीमांचा डेटा घेतला, सुरुवात आणि शेवटची तारीख दोन्ही आहेत, हललाही छान. पण १९९० ला आलो की पूर्व जर्मनी, पश्चिम जर्मनी आणि एकत्रित जर्मनी तिन्ही एकावर एक दिसतात. डेटा चुकलाय का?

उत्तर: डेटा बरोबर आहे. सीशेप्सची २.० आवृत्ती १८८६ पासून २०१९ पर्यंतच्या सीमा तारखेसकट देते, फार मेहनतीचं काम आहे ते. गोंधळ फ्रेममुळे होतोय. आपण समजतो की फ्रेम म्हणजे एक क्षण, फोटोसारखा, पण क्यूजीआयएसच्या दृष्टीने फ्रेम म्हणजे कालावधी. तुमची स्टेप एक वर्षाची, म्हणजे १९९० ची फ्रेम १ जानेवारी १९९० पासून वर्ष संपेपर्यंत, आणि त्या काळात जे जे काही थोडा वेळ जरी अस्तित्वात होतं ते सगळं तो दाखवतो. जर्मनी ३ ऑक्टोबर १९९० ला एक झाली, म्हणजे त्या वर्षात तिन्ही होते, म्हणून तिन्ही दिसले.

उपाय असा की टेम्पोरल टॅबमधे तारखांचे पर्याय सोडून "फक्त लेयर पुन्हा काढा" असा जो शेवटचा पर्याय आहे तो निवडा, आणि सिम्बॉलॉजीमधे, म्हणजे काय कसं दिसावं ते ठरवायच्या टॅबमधे, रूल बेस्ड करून नियम द्या की सुरुवातीची तारीख मॅप स्टार्ट टाइम (चालू फ्रेमची सुरुवातीची वेळ) या व्हेरिएबलच्या आधीची किंवा तीच आणि शेवटची तारीख त्याच्या नंतरची. झालं, आता प्रत्येक फ्रेम खरंच एक क्षण झाली, दर वर्षाची १ जानेवारी. शेवटची तारीख रिकामी असलेल्या ओळी, म्हणजे आजही टिकून असलेल्या, या नियमात गळतील, त्यांच्यासाठी "किंवा रिकामी" असं जोडायला विसरू नका. आणि डेटातला शेवट म्हणजे शेवटचा दिवस धरून की न धरून हेही एकदा तपासा. चेकोस्लोव्हाकिया ३१ डिसेंबर १९९२ ला संपला आणि १ जानेवारी १९९३ ला दोन देश सुरू झाले, अशा जोडावर चुकलं तर एक दिवस नकाशाला भोक पडतं, आणि तुमची फ्रेम नेमकी १ जानेवारीचीच असल्याने असे जोड हमखास समोर येतात.

वर्गासाठी म्हणून एक सांगते, नुसतं प्ले करून सोडून देऊ नका. २००२ मधे बार्बरा ट्व्हर्स्की, ज्युली मॉरिसन आणि मिरेय बेत्राँकूर यांनी अ‍ॅनिमेशनने समजायला मदत होते का यावरचे अभ्यास तपासले होते, आणि चित्र फारसं उत्साहाचं नव्हतं, हलतं चित्र बऱ्याचदा इतक्या भरभर जातं की डोळा नीट टिपू शकत नाही. सीमांच्या बाबतीत तर युरोपात काहीतरी बदलत असताना मुलं आफ्रिकेकडे बघत असतात. त्यामुळे थांबायच्या जागा आधी ठरवा, १९१४, १९१९, १९४५, १९६०, १९९१, तिथे थांबा आणि मुलांना काय बदललं ते शोधू द्या. चार-सहा छोटे नकाशे शेजारी शेजारी छापून दिलेत तर अजून उत्तम. शार्ल मिनार यांनी १८६९ मधे नेपोलियनची १८१२ ची रशियाची मोहीम एका स्थिर कागदावर काढली, ४,२२,००० सैनिकांपासून सुरू होणारा रुंद पट्टा परत येईपर्यंत १०,००० चा दोरा होतो, आणि काहीही न हलता काळ दिसतो.

प्रश्न: जुन्या जहाजांच्या लॉगबुकमधल्या नोंदी, १७५० ते १८५०, यावरून समुद्रमार्ग हलते दाखवतोय. तीन अडचणी. काही जहाजं पॅसिफिकमधे गेली की नकाशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ मारतात, काही जमिनीवरून जातात, आणि मी स्वतः टाइप केलेल्या काही फ्रेंच नोंदी सगळ्या थोड्या पश्चिमेला सरकल्यात. थोडं मार्गदर्शन करा.

उत्तर: हा माझा लाडका विषय. शेवटच्यापासून सुरू करते. फ्रेंच नोंदी किती सरकल्यात ते मोजा, सव्वादोन अंशांच्या थोडं वर असेल तर कारण सापडलं: ते रेखांश पॅरिसपासून मोजलेले आहेत आणि तुम्ही ते ग्रीनिचचे समजून टाकलेत. पॅरिसची रेषा ग्रीनिचच्या २ अंश २० मिनिटं १४ सेकंद पूर्वेला आहे, तेवढे मिळवा. ग्रीनिच सगळ्यांचं शून्य मानायचं हे १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत ठरलं, फ्रान्सने तर १९११ पर्यंत पॅरिस सोडलं नाही, आणि तुमच्या शतकात तर कुणी कादिझपासून मोजे, कुणी तेनेरिफेपासून. आधीच रूपांतर केलेला डेटा हवा असेल तर क्लिवॉक नावाचा संग्रह आहे, ब्रिटिश, डच, स्पॅनिश आणि फ्रेंच लॉगबुकमधून हवामानाच्या अभ्यासासाठी बनवलेला, त्यात रेखांश ग्रीनिचवर आणलेले आहेत. पण स्वतः टाइप केलेल्या नोंदींना मूळ आकडा एका कॉलममधे, कुठल्या रेषेपासून ते दुसऱ्यात आणि दुरुस्त आकडा तिसऱ्यात, असंच ठेवा.

तारखाही सरळ नाहीत. ब्रिटनमधे १७५२ साली २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला, जुनं कॅलेंडर टाकून नवीन घेतलं म्हणून. तुमची सुरुवात १७५० ची, तेव्हा पहिल्या पावणेतीन वर्षांत ब्रिटिश जहाजं फ्रेंच आणि स्पॅनिश जहाजांपेक्षा कागदावर ११ दिवस मागे असतील. मी एकदा हे न बघता दोन जहाजांची "भेट" दाखवली होती, दोघंही त्या जागी होते पण अकरा दिवसांच्या अंतराने, आणि ते लक्षात आल्यावर पूर्ण काम परत केलं. शिवाय समुद्रावरचा दिवस बऱ्याच काळ दुपारी बाराला सुरू व्हायचा, ब्रिटिश नौदलाने हे १८०५ मधे बदललं, तेव्हा तासातासाचा हिशोब करायला जाऊ नका, दिवसाची स्टेप पुरे.

आडव्या रेघेचं कारण १८० अंशांची रेषा. १७९ पूर्वेवरून १७९ पश्चिमेला जहाज गेलं तर ते दोनच अंश पुढे सरकलं, पण सॉफ्टवेअरला ते ३५८ अंश मागे गेल्यासारखं वाटतं. प्रोसेसिंग टूलबॉक्समधे अँटिमेरिडियनवर, म्हणजे याच रेषेवर, रेघ तोडायचं टूल आहे ते चालवा, आणि नकाशाचा मध्य पॅसिफिकमधे येईल असं प्रोजेक्शन घ्या.

जमिनीवरून जाणारी जहाजं मात्र टूलने सुटणार नाहीत. तिथे नोंद नाहीये म्हणून तसं होतं. लॉगबुकची पानं गहाळ असतात, तीन आठवड्यांचं मधलं काहीच नसतं, आणि आपण आधीचा ठिपका पुढच्याला सरळ जोडतो. माझी पद्धत अशी की एका जहाजाची पूर्ण रेघ बनवायचीच नाही, लागोपाठच्या दोन नोंदींमधला प्रत्येक तुकडा वेगळी ओळ, त्याला सुरुवात आणि शेवटची तारीख, आणि मधे किती दिवस गेले तो कॉलम. दोन दिवसांपर्यंत ठळक रेघ, आठवड्यापर्यंत तुटक, त्याहून जास्त असेल तर काढायचीच नाही, जहाज दिसेनासं होऊ द्यायचं आणि पुढची नोंद आली की परत येऊ द्यायचं. लोक विचारतात जहाज गेलं कुठे, आणि तो प्रश्न त्यांना पडलाच पाहिजे, कारण आपल्यालाही ते माहीत नाही.

आणि खाली आजचा बेसमॅप, म्हणजे पार्श्वभूमीचा तयार नकाशा, लावलाय का? १८५० च्या आधीच्या नकाशावर सुएझचा कालवा दिसला तर नवल वाटेल, तो १८६९ चा, पनामाचा १९१४ चा. नॅचरल अर्थ या फुकट नकाशा-डेटाची नुसती किनारपट्टी घ्या, ती ऑफलाइन असते त्यामुळे प्रत्येक फ्रेमला टाइल्स डाउनलोड होत बसत नाहीत आणि एक्सपोर्टही भराभर होतो.

प्रश्न: सगळं जमलं पण व्हिडिओ कसा करायचा? सेव्ह केलं की हजारभर फोटो येतात. आणि कोपऱ्यात वर्ष कसं दाखवायचं?

उत्तर: ते फोटो म्हणजेच फ्रेमा, क्यूजीआयएस पीएनजी काढून देतं आणि व्हिडिओ बाहेर जोडायचा असतो, एफएफएमपेग या प्रोग्रॅमने किंवा केडेनलाइव्हसारख्या व्हिडिओ एडिटरमधे. आधी गुणाकार करून बघा, शंभर वर्षं महिन्याच्या स्टेपने म्हणजे १,२०० फ्रेमा, सेकंदाला २४ लावल्या तर ५० सेकंद, ठीक आहे. तेच दिवसाच्या स्टेपने केलं तर साडेछत्तीस हजार फ्रेमा आणि पंचवीस मिनिटं, कुणी बघणार नाही. वर्षासाठी व्ह्यू मेनूतल्या डेकोरेशन्समधे टायटल लेबल आहे, त्यात एक्सप्रेशन टाका, फॉरमॅट डेट फंक्शनमधे मॅप स्टार्ट टाइम देऊन फक्त वर्ष मागा, अक्षरं मोठी ठेवा, आणि एक्सपोर्टच्या खिडकीत डेकोरेशन्सचा टिक आहे का बघा नाहीतर वर्ष येणारच नाही. एफएफएमपेग रुंदीवर अडून एरर देत असेल तर चित्राची रुंदी किंवा उंची विषम आकड्यात असणार, १९२१ चं १९२० करा. आणि व्हिडिओ बनतो पण फोनवर उघडत नाही असं झालं तर पिक्सेल फॉरमॅट वाययूव्ही ४२० पी ठेवून परत जोडा, फ्रेमा पुन्हा काढायची गरज नाही, म्हणून व्हिडिओ सगळीकडे चालतोय हे बघेपर्यंत तो हजार फोटोंचा फोल्डर डिलीट करू नका.